तिघे आल्याशिवाय चहा नाही

शहरातील एका मोठ्या रुग्णालयाने 'अकारण बेशुद्धी निदान केंद्र' उघडले असून त्यास डॉ. विशाखा लोणारे यांचे नाव दिले आहे, अशी निमंत्रणपत्रिका मला टपालाने आली. पत्रिकेच्या मागील बाजूस केंद्राची रचना छापली होती. हृदयविकार विभाग दुसरा मजला, मेंदूविकार विभाग पाचवा मजला, मानसोपचार विभाग मागील इमारत, शुल्क भरणा तळमजला. मी पत्रिका वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मग विश्वस्तांना पत्र लिहिले. ज्या बाईने उभ्या आयुष्यात एवढेच मागितले, की पडणाऱ्या माणसासाठी या तीन डॉक्टरांनी एका वेळी एका खोलीत बसावे, तिच्याच नावाखाली त्यांना तीन ठिकाणी बसवणे हे मृत व्यक्तीच्या बदनामीच्या फार जवळ जाणारे कृत्य आहे, असे मी त्यात नमूद केले. उत्तर आले : 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. स्मरणिकेसाठी आपण बाईंविषयी पाच ओळी पाठवाव्यात, ही विनंती.'

नोंद घेण्यात आली आहे. या वाक्याशी माझा उभ्या नोकरीचा परिचय आहे. एका सरकारी उपक्रमात मी विधी अधिकारी होतो आणि या वाक्याच्या पोटात काय असते ते मला ठाऊक आहे. काहीही नसते. पूर्वी मी त्याच दुपारी दुसरे पत्र टाकले असते आणि त्याची प्रत तीन ठिकाणी पाठवली असती. आता हात दुखतो. खरे सांगायचे तर हातापेक्षा राग अधिक दुखतो. तो उचलून धरायला पूर्वीइतके बळ राहिलेले नाही. म्हणून पत्र नाही, आणि पाच ओळीही नाहीत. त्या बाई पाच ओळींत मावणाऱ्या नव्हत्या.

लोणारेबाई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर नागपुरातल्या इंदोरा वस्तीत दोन खोल्यांच्या दवाखान्यात बसत. बुटक्या, रुंद बांध्याच्या, सुती साडीवर पांढरा कोट घालणाऱ्या. त्या कोटाचे बटण लावलेले मी कधी पाहिले नाही. मनगटावर वडिलांचे जुने घड्याळ, पट्टा सैल, त्यामुळे दर वाक्याला ते कोपरापर्यंत जाई आणि परत येई. दवाखान्यात यंत्र म्हणावे असे काही नव्हते. रक्तदाबाचा पट्टा, एक खाट, भिंतीशी उभी केलेली निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी, आणि उन्हाळ्यात बोलणाऱ्याला ओरडायला लावणारा कूलर. ती सतरंजी नमाज-प्रार्थनेसाठी किंवा दुपारच्या विश्रांतीसाठी नव्हती. ती साक्षीदारांसाठी होती. हे पुढे कळेल.

माझी त्यांची ओळख माझ्या पत्नीमुळे झाली. कुसुम वर्षभरात तीनचार वेळा पडली होती. एकदा देवळाच्या पायरीशी, एकदा लग्नाच्या पंगतीत, बाकीच्या वेळी महिला भजन मंडळाच्या आरतीत; मंडळाच्या बायका दर वेळी सोबत होत्या. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून सांगितले, हृदय उत्तम आहे, मेंदूकडे दाखवा. आणि रक्तदाब जरा वाढलेला दिसला म्हणून एकाच्या दोन गोळ्या केल्या. मेंदूच्या डॉक्टरांनी 'झटके येतात का' असे विचारले, 'येतात' असे उत्तर मिळताच अपस्माराच्या गोळ्या सुरू केल्या, आणि त्या घेऊनही ती पडली तेव्हा मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. मनाचे डॉक्टर सज्जन होते. त्यांनी तिला पुन्हा हृदयाकडे पाठवले. कुसुम गोळ्यांनी दिवसभर पेंगुळलेली असे. वाटीत मीठ घालायचे की साखर, याचा तिला विचार करावा लागे. सून नातवाला तिच्या मांडीवर देताना कचरू लागली होती. कुसुम ते पाहत असे.

मी तिन्ही डॉक्टरांना पत्रे लिहिली होती. ग्राहक आयोगाचा उल्लेख केला होता. त्या सर्व पत्रव्यवहाराचे जाडजूड पाकीट घेऊन मी कोणाच्या तरी सांगण्यावरून इंदोऱ्यात गेलो आणि ते बाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी वरची दोन पत्रे वाचली. सावकाश वाचली.

"भाषा चांगली आहे," त्या म्हणाल्या. "यात सगळे आहेत. तुम्ही आहात, डॉक्टर आहेत, कायदा आहे. बाई कुठं आहे?"

"म्हणजे?"

"पडताना हिला कोणी पाहिलं?"

मी म्हणालो, मला कळवण्यात आले, मी तातडीने घटनास्थळी पोहोचलो, त्या वेळी ती खुर्चीवर होती.

"म्हणजे वकीलसाहेब, तुमची साक्ष ऐकीव आहे. कोर्टात चालते का?"

मी वकील नव्हतो, विधी अधिकारी होतो, हे मी त्यांना तेव्हा सांगितले आणि पुढेही अनेकदा सांगितले. त्यांनी मला शेवटपर्यंत वकीलसाहेबच म्हटले. परंतु त्या क्षणी मला राग आला नाही, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. वर्षभर मी ज्यांना ज्यांना भेटलो त्यांच्यापैकी कोणीही प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची मागणी केली नव्हती. सर्वांनी कागद मागितले होते.

"रविवारी सकाळी या," त्या म्हणाल्या. "हिला आणा. आणि जिनं पाहिलं तिला आणा. ते पाकीट घरीच ठेवा, टेबलावर वड्या ठेवायला जागा लागते."

रविवारची सकाळ ही त्यांची संस्था होती. तिला नाव नव्हते, नोंदणी नव्हती. हृदयाचे, मेंदूचे आणि मनाचे असे तीन डॉक्टर, कुसुमला आम्ही दाखवले होते तेच, तिघेही कधीकाळी बाईंच्या हाताखाली शिकलेले, आता धंतोली-रामदासपेठेत ज्यांची वेळ मिळायला आठवडे लागतात असे, रविवारी सकाळी त्या दोन खोल्यांत येत. फी नसे. हिवाळ्यात सांबारवडी असे, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीचे सारण भरून तळलेली वडी. इतर वेळी पोहे. खाणे येईल त्याला मिळे. चहा मात्र तिघे आल्याशिवाय कोणालाही नाही. लवकर आलेला हृदयवाला चहासाठी तळमळत बसे आणि उशिरा आलेल्या मेंदूवाल्याला दारातच शिव्या मिळत. तिसरा येईपर्यंत रोग्याची गोष्ट सुरू होत नसे.

"एकाला सांगितली की तो तिचं काहीतरी करून टाकतो," बाई म्हणत. "मग दुसऱ्याला गोष्ट मिळत नाही, पहिल्याचं मत मिळतं."

कोणीतरी एकदा, बहुधा मीच, आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट काढली. बाई वैतागल्या. "ती गोष्ट नका सांगू हो. ते आंधळे निदान एका वेळी एका हत्तीजवळ उभे तरी होते."

आमची साक्षीदार होती शेजारच्या पुष्पाबाई. भजन मंडळाच्या अध्यक्ष, आवाज खणखणीत, मूळच्या मौद्याकडच्या. त्या जरीची साडी नेसून आल्या होत्या, कारण 'मोठ्या डॉक्टरांसमोर बयान द्यायचं' होतं. चहा झाला. बाईंनी सतरंजी उचलली आणि जमिनीवर पसरली.

"पुष्पाताई, आता तुम्ही कुसुमताई. आरती चालू आहे. पडून दाखवा."

"मी काहून पडू?" पुष्पाबाई मागे सरकल्या. "मले काय झालं? मी सांगतो नं तोंडानं."

"तोंडानं सगळेच सांगतात. लाजून नका राहू, इथं सगळे पडतात. मागच्या रविवारी एक बँक म्यानेजर पडला."

"बाप्पा! या तीन तीन मानसांसमोर?"

"त्यांना मानसं नका समजू. डॉक्टर आहेत."

पुष्पाबाईंनी पदर खोचला. आरतीचे ताट धरल्यासारखे हात केले, दोन ओळी खरोखर म्हटल्या, मग आवाज बारीक केला. "अशी म्हनता म्हनता थांबली थे. जांभई देल्ली. कपायावर घाम. मले म्हने, पुष्पा, अंधारी येऊन राहिली वं. अन् पांढरीफटक." गुडघ्यातून मऊ होत त्या खाली येऊ लागल्या आणि अर्ध्यावरच थांबल्या.

"पडा ना," मेंदूचे डॉक्टर म्हणाले.

"पडू कशी? थे पडलीच कुठं?" पुष्पाबाई ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर निखळ अभिमान होता. "आमी पाच जनी होतो तिथं. बाईमानसाले भुईवर पडू देऊ का आमी? दोघींनी बगलेत धरलं, एकीनं मान धरली, खुर्चीत बसवलं सरळ. सोडलं नाही बिलकुल."

"आणि मग?"

"मंग झटके आले नं. हातपाय असे असे करे. मंग तर आमी आखीन घट्ट धरलं. वहान बी हुंगवली."

मेंदूच्या डॉक्टरांनी वडी परत बशीत ठेवली.

"दर वेळी धरलं?" त्यांनी विचारले. "आणि धरल्यावरच झटके?"

"दर येळेस! आमचं मंडळ हाय तसं."

लोणारेबाई मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत नेऊन परत आणत राहिल्या. बोलले ते मेंदूचे डॉक्टर, आणि त्यांच्या आवाजात मी ज्या अपराधभावाची वर्षभर पत्रांतून मागणी केली होती तो होता, पण आता मला त्याचे काही वाटेना. ते म्हणाले, रक्तदाब उतरून माणूस पडतो तेव्हा आडवे पडणे हाच त्याचा उपचार असतो. आडवे पडले की रक्त डोक्याकडे जाते आणि शुद्ध येते. पडू दिले नाही, बसते धरून ठेवले, तर मेंदूला रक्त मिळत नाही आणि झटके येतात. ते झटके अपस्माराचे नव्हेत. मी ते अपस्माराचेच धरून गोळ्या दिल्या, हेही त्यांनीच सांगितले.

"मग दाब उतरतो का, ते बघ," बाई हृदयाच्या डॉक्टरांना म्हणाल्या. त्यांनी कुसुमला खाटेवर निजवून रक्तदाब घेतला, मग उभे करून घेतला, उभीच ठेवून पुन्हा घेतला. तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टा सोडला नाही, तिला खांद्याला धरून हळूच खाली निजवले. "दोन गोळ्या मी केल्या," ते म्हणाले. "घाबरलेल्या बाईचा दाब मोजून."

मला वाटले, प्रकरण संपले. परंतु मनाचे डॉक्टर आतापर्यंत एक शब्दही बोलले नव्हते. ते कुसुमजवळ खाटेशी बसले होते आणि तिला भजनांविषयी विचारत होते. कोणत्या गावांना जाता, कशाने जाता, किती वेळ असता. मग अगदी सहज म्हणाले, "आणि पाणी?"

कुसुमने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. बाईंनी मला डोळ्यांनी दाराबाहेर जायला सांगितले. मी गेलो. बाहेर उभे राहून जे ऐकू आले ते असे, की मंडळाच्या कार्यक्रमाला बायकांसाठी कोठेही सोय नसते, म्हणून सगळ्याजणी सकाळपासून पाणी पीत नाहीत. घोटभरही नाही. नागपूरच्या उन्हात. वर गुरुवारचा उपास असेल तर तोंडात काहीच नाही. हे तिने मला संसाराच्या एवढ्या वर्षांत सांगितले नव्हते, आणि मी विचारले नव्हते. तीन डॉक्टरांनीही नव्हते. कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

अपस्माराच्या गोळ्या हळूहळू कमी होऊन बंद झाल्या. रक्तदाबाची एकच राहिली. कुसुम कार्यक्रमाला पाण्याची बाटली नेऊ लागली, आणि पुष्पाबाईंनी मंडळात ठराव केला की ज्या घरी संडास दाखवणार नाहीत त्या घरी भजन नाही. तो ठराव अजून अमलात आहे. मी पाहिलेल्या ठरावांपैकी असे थोडेच. नातू पुन्हा तिच्या मांडीवर आला. आणि मी, निवृत्त व रिकामा मनुष्य, रविवारी इंदोऱ्यात जाऊ लागलो. मला तेथे काही काम नव्हते. मी कोपऱ्यात बसत असे आणि चहा सर्वांबरोबर घेत असे.

तेथे मी पुष्कळ माणसे पडताना पाहिली. एका निवृत्त बड्या अधिकाऱ्यांनी वडिलांचे पडणे दाखवायला साफ नकार दिला; हुद्द्याला शोभणार नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुमचे वडील कुठं हुद्दा पाहून पडले?" ते पडले. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यातला बिहारी कामगार आला, त्याच्याबरोबर त्याचा खोलीतला सोबती. सोबत्याला मराठी येत नव्हते आणि भीतीने हिंदीही सुचत नव्हती. साहेबलोकांसमोर हात जोडून उभा. बाई स्वतः सतरंजीवर गेल्या, सत्तरीकडे झुकलेली ती जड बाई, आणि धप्पकन पडल्या. "ऐसे?" त्याने मान हलवली. पुन्हा उठल्या, कुशीवर पडल्या. "ऐसे?" तिसऱ्या वेळी तो हसला, "नहीं अम्मा, आप से नहीं होगा," म्हणाला आणि स्वतः पडला, मान एकीकडे वळवून, एक हात आधी ताठ करून, हुबेहूब. मेंदूचे डॉक्टर खुर्चीतून उठले. तो खरा अपस्मार होता, आणि कारखान्यात त्याला आजवर 'पिऊन येतो' म्हणून दोनदा घरी पाठवले होते.

'पिऊन येतो' हे शब्द ऐकले की बाईंचा चेहरा बदलत असे. त्यांचे वडील येथल्या एका कापडगिरणीत होते. सूतखात्याच्या उष्म्यात माणूस पडला की मुकादम 'दारू' असे म्हणे, आणि तेच निदान. वडील थेंबही घेत नसत. एवढेच त्यांनी एकदा सांगितले आणि पुढे जोडले : "पडण्याचं कारण ठरवणारा नेहमी पडणाऱ्यापासून सगळ्यात लांब उभा असतो."

आता जे सांगायचे ते टाळावेसे वाटते. पण पाच ओळींत जे येणार नाही ते हेच आहे.

एक मुलगी होती. मौद्याजवळच्या खेड्यातली, पोलीस भरतीची तयारी करणारी. रोज पहाटे मैदानावर धावत असे. धावता धावता दोनदा पडली. गावात रक्त कमी म्हणून गोळ्या मिळाल्या, शहरात एकाने चष्म्याचा नंबर काढायला सांगितले, एकाने हृदयाची पट्टी काढून 'थोडा फरक, पुन्हा दाखवा' असे लिहिले. वडील तिला घेऊन बाईंकडे आले. धावताना पडली, एवढे ऐकताच बाईंनी पेन खाली ठेवले. "बेटा, एक पाऊलही धावायचं नाही. रविवारी तुझ्यासोबत धावते तिला घेऊन ये." त्या रविवारी हृदयाचे डॉक्टर परिषदेला परगावी गेले. मुलीचे दाखवणे पुढच्या रविवारावर गेले. भरतीची तारीख जवळ आली होती. मुलीने मधल्या आठवड्यात एक दिवस धावून पाहिले.

पुढच्या रविवारी तिचे वडील एकटेच आले. रविवार ठरला होता म्हणून आले असावेत. बाईंनी त्यांच्यासमोर पाणी ठेवले.

मी नंतर बाईंना म्हणालो, मी तक्रार तयार करतो. वडिलांची सही घेऊ. मी कधी नव्हे एवढा पेटलो होतो.

"कोणाविरुद्ध?" त्यांनी विचारले.

मी बोट ठेवायला सुरुवात केली. त्या प्रत्येक नावापाशी मला थांबवत गेल्या. रक्त खरोखर कमी होते. नंबर खरोखर लागला होता. पट्टीवर 'पुन्हा दाखवा' असे खरोखर लिहिले होते. परिषद महिन्याभरापूर्वी ठरलेली होती.

"प्रत्येकाचा कागद बरोबर आहे, वकीलसाहेब. पोरगी गेली, आणि सगळे कागद बरोबर आहेत. तुमच्या कायद्यात याला कलम आहे का?"

मी घरी येऊन शोधले. नाही. मी अजूनही अधूनमधून शोधतो.

त्यानंतर त्यांनी रविवार पुढे ढकलू दिला नाही. एखादा डॉक्टर येत नाही म्हटल्यावर त्या रोग्याला आणि साक्षीदाराला रिक्षात घालत, सतरंजीची गुंडाळी काखेत मारत आणि त्याच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसत. आत बोलावेपर्यंत बसत. नंबर लावत नसत. चपराशी विचारी, "मावशी, कोनाकडे काम हाय?" त्या म्हणत, "तुझ्या साहेबाचा चहा राहिला आहे." साहेब बाहेर येत. बाई थकत. गुडघे दुखत. परंतु जिन्याला त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत.

आणि मग एका दुपारी त्या स्वतः पडल्या. माझ्या दारात.

कुसुमने त्यांना जेवायला बोलावले होते. फाटकाशी चपला काढता काढता त्या मला बोलत होत्या, कारण मी महापालिकेला लिहिलेले पत्र त्यांना अर्धे वाचून दाखवले होते. "वकीलसाहेब, तुम्ही पत्रात एवढे रागावता की वाचणारा..." आणि थांबल्या. चेहरा राखेसारखा झाला. जांभई नाही, घाम नाही, 'अंधारी येते' नाही. हात पुढे आला नाही. कापलेल्या झाडासारख्या सरळ मागे गेल्या आणि डोके फाटकाच्या चौकटीला लागले. पुष्पाबाई शेजारून धावत आल्या. त्या बाईंना उचलून धरतील म्हणून मी हात आडवा केला, पण त्या म्हणाल्या, "मले ठाऊक हाय नं गा! पाय वर करा तुमी!" आम्ही बाईंना भुईवर तसेच राहू दिले. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावर लाली चढली, शेंदरासारखी, आणि डोळे उघडून त्या म्हणाल्या, "...घाबरतो आणि मुद्दा विसरतो." वाक्य पूर्ण झाले. आपण पडलो हे त्यांना ठाऊकच नव्हते.

डोक्याला जखम म्हणून त्यांना मेंदूच्या विभागात ठेवले. मेंदूचे छायाचित्र निर्दोष आले. हृदयाची पट्टी काढून नेली, तीही निर्दोष आली. कागदावर 'वयोमानानुसार भोवळ' असे लिहून दुसऱ्या दिवशी घरी सोडण्याचे ठरले. कागद बरोबर होते. मला ती मुलगी आठवली, आणि पुन्हा पडल्या तर या वेळी वाक्य पूर्ण करायला त्या उठतील का, एवढा एकच प्रश्न मला उरला. मी पत्र लिहायला बसलो नाही. इंदोऱ्याला जाऊन सतरंजी आणली.

हृदयाच्या डॉक्टरांच्या दाराशी बसलो, मग मेंदूच्या, मग रिक्षाने मनाच्या डॉक्टरांकडे. तिघांनाही एकच वाक्य सांगितले : बाईंचा साक्षीदार मी आहे आणि तिघे आल्याशिवाय बोलणार नाही. मनाच्या डॉक्टरांनी विचारले, "माझं तिथं काय काम?" मी म्हणालो, ते मला माहीत नाही, परंतु नियम त्यांचा आहे.

दुपारी तिघे त्यांच्या खाटेभोवती उभे राहिले. बाई उशीला टेकून होत्या, डोक्याला पट्टी, मनगटावर घड्याळ नाही. मी फरशीवर सतरंजी पसरली. दारात दोन परिचारिका येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात मी वरिष्ठांसमोर वाकलो नाही, ही माझी एकमेव ख्याती आहे. मी कोट काढून खुर्चीवर ठेवला, चपला काढण्याचा अभिनय केला, त्यांचे अर्धे वाक्य म्हटले, आणि मागे पडलो. जोरात पडलो. रंग मला अभिनयाने दाखवता येत नव्हता, म्हणून तो मी छताकडे पाहत सांगितला : आधी राख, मग शेंदूर. आणि उरलेले अर्धे वाक्य म्हटले.

"शुद्धीवर येताना लाल?" हृदयाचे डॉक्टर खाली वाकून विचारत होते. "नक्की? आधी पांढऱ्या, मग लाल?"

"शपथेवर सांगतो."

"आणि वाक्य तिथूनच पुढं?" मेंदूच्या डॉक्टरांनी विचारले. "गोंधळ नाही, मी कुठं आहे असं काही नाही? मग हे झटक्याचं नाही. माझ्याकडचं नाही." त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे पाहिले.

मनाचे डॉक्टर हळूच म्हणाले, "फोनवर बोलताना बाई मध्येच गप्प होतात. दोनतीन महिने झाले. मग पुढं बोलतात. मी ते वयावर घातलं."

तीन तुकडे असे माझ्यावर, जमिनीवर पडलेल्या माणसावर, एकमेकांना लागले. हृदय मध्येच थांबत होते; पुन्हा सुरू झाले की रक्त एकदम चेहऱ्यावर धावत होते. पट्टी काढायच्या वेळी चालत होते, एवढेच. हृदयाच्या डॉक्टरांनी घरी सोडण्याचा कागद घडी करून खिशात घातला आणि अखंड नोंद घेणारे यंत्र लावायला सांगितले. दुसऱ्या सकाळी त्या यंत्राने ते थांबणे पकडले, आणि त्यांच्या खांद्याखाली ठोका देणारे छोटे उपकरण बसवले गेले. त्यावर बाई आणखी काही वर्षे जगल्या, रविवारी बसल्या, आणि गेल्या वर्षी झोपेत गेल्या. पडून गेल्या नाहीत.

त्या दिवसानंतरही मी त्यांना पुष्कळदा पाहिले. तरी शेवटचे पाहणे म्हणून मला दिसते ते तेच, फरशीवरून वर पाहिलेले. उठायचा प्रयत्न मी करत होतो आणि कंबर साथ देत नव्हती. खाटेच्या कडेवरून त्यांचा पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वाकला. त्यांनी मला नीट निरखले, परीक्षक निरखतो तसे.

"बरे पडलात, वकीलसाहेब."

मग त्यांनी मान वर केली, आणि खोलीत उभ्या असलेल्यांवरून नजर फिरवली. एक, दुसरा, तिसरा.

"तिघे आले ना? मग यांना उठवा कोणीतरी. आणि चहा सांगा."